चर्चमधल्या खुर्च्या नेहमी तोच का उचलतो? ख्रिस्ती धर्मातलं 'सेवेचं कृपादान' नेमकं काय असतं?

नाताळचा कार्यक्रम संपलेला असतो. बाहेर फोटो सुरू असतात, केक वाटला जात असतो, लहान मुलं धावत असतात. आत मात्र एक जण खुर्च्या एकावर एक रचत असतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गेल्या वर्षीही तोच होता आणि पुढच्या वर्षीही तोच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

असा एक माणूस प्रत्येक गणेश मंडळात आणि प्रत्येक सोसायटीतही सापडतो. ख्रिस्ती धर्मात मात्र या वृत्तीला एक खास नाव आहे. ते म्हणजे 'सेवेचं कृपादान'. हे दान फार मोलाचं मानलं जातं आणि त्यातले धोकेही तितकेच जुने आहेत.

कृपादान म्हणजे काय?

ख्रिस्ती मान्यतेनुसार पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला काही ना काही देणगी देतो. ती कमवावी लागत नाही, कृपेने मिळते, म्हणून तिला 'कृपादान' म्हणतात. ती स्वतःसाठी नसते, मंडळीच्या म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाच्या भल्यासाठी असते.

बायबलच्या नव्या करारात अशा दानांच्या काही याद्या आहेत. प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात सात दानं येतात: संदेश देणं, सेवा, शिकवणं, बोध करणं, दान देणं, नेतृत्व आणि दया. यादीत सेवा दुसऱ्या क्रमांकावर, शिकवण्याच्याही आधी आहे.

मूळ ग्रीक शब्द आहे 'दियाकोनिया'. हा शब्द जेवणाच्या टेबलाशी जोडलेला होता. पंगतीत वाढणं, पाहुण्यांची उठबस करणं, हे काम त्यात येई. चर्चमधल्या 'डीकन' या पदाचं नावही इथूनच आलं. याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल फिबी नावाच्या एका स्त्रीची ओळख करून देतो आणि तिच्यासाठी याच कुळातला शब्द वापरतो.

आता प्रश्न असा की, सेवा करणं तर प्रत्येक ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे, मग ते काहींचंच 'दान' कसं? साधारण उत्तर असं दिलं जातं की, सेवा सगळ्यांनीच करायची, पण काहींना ती करताना वेगळाच आनंद मिळतो आणि कुठे काय कमी पडतंय हे त्यांना इतरांच्या आधी दिसतं. अमेरिकेतल्या फुलर सेमिनरीचे प्राध्यापक सी. पीटर वॅग्नर यांनी १९७९ मध्ये कृपादानांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यांनी २७ दानं मोजली आणि 'सेवा' आणि 'साहाय्य' यांतही फरक केला. साहाय्य एखाद्या माणसाचा भार हलका करतं, तर सेवा अडलेलं काम पुढे नेते, असा त्यांचा मुद्दा. प्रत्यक्षात हा फरक करणं अवघडच, कारण आजारी शेजाऱ्याला डबा देणारा माणूस असा हिशोब करत बसत नाही.

या दानाची ताकद कशात आहे?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. यरुशलेममधली पहिली मंडळी झपाट्याने वाढत होती. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी तक्रार आली. धर्म नवा, त्यात भाषेवरून भेदभावाचा आरोप. प्रकरण चिघळलं असतं तर मंडळी फुटली असती. प्रेषितांनी काय केलं? सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. अट अशी की ती माणसं नावाजलेली, आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली हवीत. म्हणजे 'नुसतं वाढायचं तर आहे' असं समजून कुणालाही उभं केलं नाही.

या उताऱ्यात अन्न वाढण्यासाठी आणि वचनाच्या प्रचारासाठी मूळ शब्द एकच येतो, 'दियाकोनिया'. व्यासपीठावरचं काम मोठं आणि स्वयंपाकघरातलं छोटं, ही उतरंड निदान त्या शब्दात तरी नाही.

महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार स्त्रिया आणि मुली आणल्या आणि पुण्याजवळच्या केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. तिथे फक्त जेवण आणि आसरा मिळत नव्हता. शेती, विणकाम, छापखान्याचं काम, शिक्षण असं सगळं त्या शिकत होत्या. कालपर्यंत जिला वाढलं जात होतं, ती उद्या दुसरीला वाढणार होती. सेवेच्या दानाची सर्वांत मोठी परीक्षा हीच असते, कारण चांगल्या मनाचा सेवकसुद्धा समोरच्याला कायमचा 'घेणारा' करून ठेवू शकतो.

मग गडबड कुठे होते?

गडबडीची गोष्ट म्हटली की ख्रिस्ती घरांमध्ये एकच नाव निघतं, मार्था.

लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायाच्या शेवटी अवघ्या पाच वचनांत ही कथा येते. येशू मार्थाच्या घरी येतो. बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते. मार्था एकटी कामात बुडालेली. शेवटी वैतागून ती येशूलाच म्हणते की, बहिणीने सगळं माझ्यावर टाकलंय याचं तुला काहीच वाटत नाही का? तिला सांग ना मला मदत करायला. येशू तिला म्हणतो की तू बऱ्याच गोष्टींची काळजी करतेस आणि दगदग करून घेतेस. मरियेने चांगला वाटा निवडलाय.

यावरून कित्येकदा 'काम करू नका, प्रार्थना करा' असा सोपा अर्थ काढला जातो. तो पटण्यासारखा नाही. त्याच अध्यायात या कथेच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. रस्त्यात जखमी पडलेल्या अनोळखी माणसाची मलमपट्टी करून, त्याला उतारशाळेत नेऊन स्वतःचे पैसे देणाऱ्या माणसाची. येशू म्हणतो, जा आणि तूही तसंच कर. म्हणजे सेवेचं कौतुक संपतं न संपतं तोच मार्था येते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

मार्थाची चूक स्वयंपाक ही नव्हतीच. तिच्या बोलण्याकडे नीट पाहा. ती मरियेशी बोलत नाही, पाहुण्यापुढे तिची तक्रार करते. आपण राबतोय तर दुसऱ्यानेही राबलंच पाहिजे, असं तिला वाटतं. सेवाभावी माणसाची ही पहिली घसरण असते. जे काम आपल्याला दिसतं ते इतरांना खरोखर दिसतच नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. त्याला वाटतं, ते मुद्दाम टाळतायत. मग न मागता केलेल्या कामाचा हिशोब मनात साठत जातो आणि एक दिवस भलत्याच वेळी बाहेर पडतो.

मार्थाची गोष्ट तिथे संपत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात बेथानीला येशूसाठी भोजन आहे आणि तिथेही मार्था वाढतेय. या वेळी तिची तक्रार नाही आणि तिला कुणी थांबवतही नाही.

घरच्यांनी काय करायचं?

दुसरा धोका बाहेरच्यांना दिसत नाही. जगाच्या मदतीला धावणाऱ्या माणसाच्या घरी कोण असतं?

मराठीत याचं उत्तर शोधायला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुरेसं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. मोठे कवी, मोठ्या मनाचे माणूस. हातात पैसा आला की तो गरजूकडे गेलाच म्हणून समजा. अनाथ मुलांना घरी आणणारेही तेच. पण त्या उदारपणाचा रोजचा खर्च कोण भरत होतं, घरात दाणे आहेत की नाहीत हे कोण बघत होतं, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. त्या नवऱ्यावर प्रेम करतात आणि त्याला सोडतही नाहीत. पुढे त्या स्वतःही सेवेत ओढल्या गेल्या. तरी पुस्तक वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. एकाच्या दानाची किंमत दुसऱ्याने मोजलेली असते, आणि तिला आधी कुणी विचारलेलं नसतं.

आणि कुणी फायदाच घेतला तर?

'नाही' म्हणता न येणाऱ्या माणसाचा फायदा घेणं सगळ्यात सोपं. त्यात 'हे देवाचं काम आहे' असं म्हटलं की त्याची बोलतीच बंद होते.

ही कल्पना नाही. मार्च २०१८ मध्ये व्हॅटिकनच्या दैनिकाच्या, म्हणजे 'लोसेर्वातोरे रोमानो'च्या महिलाविषयक मासिकात एक लेख आला आणि जगभर चर्चा झाली. बिशप आणि कार्डिनल यांच्या घरी धर्मभगिनी, म्हणजे नन, स्वयंपाक, साफसफाई आणि इस्त्री करतात. मोबदला तुटपुंजा किंवा काहीच नाही. ज्या टेबलावर त्या वाढतात तिथे त्यांना बसायला क्वचितच बोलावलं जातं, असं त्यात होतं. बोलणाऱ्या नन्सची नावं बदलली होती. चर्चच्याच प्रकाशनात हे छापून येणं मोठी गोष्ट होती.

त्याआधी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरातल्या धर्मभगिनींच्या प्रमुखांसमोर सेवा आणि गुलामगिरी यांतला फरक बोलून दाखवला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते आणखी पुढे गेले. चर्चमधल्या पुरुषांकडूनही अन्याय होत असेल तर झगडा, असं त्यांनी धर्मभगिनींना सांगितलं. 'दान' आणि 'फुकटची मजुरी' यांच्यात रेघ ओढायची जबाबदारी राबणाऱ्यावर टाकून भागणार नाही, ती काम करून घेणाऱ्याची आहे.

थांबायचं कुठे?

याचे धडे बायबलमध्येच आहेत. पेत्राचं पहिलं पत्र म्हणतं की सेवा करणाऱ्याने देवाने दिलेल्या शक्तीनुसार ती करावी. म्हणजे शक्तीला मर्यादा आहे, हे गृहीतच आहे.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुवायला बसतो तेव्हा पेत्र नकार देतो. त्याला ते अवघड वाटतं. सतत देणाऱ्या माणसाला घेणं असंच अवघड जातं. आजारी पडला तरी तो डबा नको म्हणतो. त्यात नम्रता असते तसा थोडा अहंकारही असतो. येशू पेत्राला सवलत देत नाही.

मार्कच्या पहिल्या अध्यायातला प्रसंग फारसा सांगितला जात नाही. आदल्या संध्याकाळी दारात सगळं गाव जमलेलं, येशूने अनेकांना बरं केलेलं. पहाटे तो एकटाच प्रार्थनेला निघून जातो. शिष्य शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुला शोधतायत. तो त्या गर्दीकडे परत जात नाही, शेजारच्या गावांकडे निघतो. मागे राहिलेल्यांच्या गरजा खोट्या नव्हत्या, तरीही.

सध्या कृपादान ओळखण्याच्या चाचण्या इंटरनेटवर भरपूर आहेत. दहा-पंधरा मिनिटं प्रश्नांना गुण द्यायचे आणि शेवटी निकाल येतो की तुमचं दान 'सेवा' आहे. स्क्रीनशॉट शेअर करायला ते छान दिसतं. पण त्या चाचण्या तुम्ही स्वतःबद्दल काय समजता एवढंच मोजतात. म्हणून अनेक पाळक असा निकाल घेऊन आलेल्याला आणखी दोघांचं मत घ्यायला सांगतात: ज्यांच्यासोबत तो काम करतो त्यांचं आणि घरच्यांचं. दुसरं उत्तर बहुतेक वेळा जास्त उपयोगी ठरतं.