एकरेणवीय दिष्टकारी

एकाच रेणूकडून दिष्टकारीचे, म्हणजे विद्युतप्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकाचे, काम करवून घेता येईल, ही कल्पना अविराम आणि रॅटनर यांनी १९७४ मध्ये मांडली. त्यांच्या रेणूचे एक टोक इलेक्ट्रॉन सहज देणारे, तर दुसरे सहज स्वीकारणारे होते. एका रेणूच्या वाहकतेच्या प्रत्यक्ष मापनाला मात्र दोन दशकांहून अधिक काळ लागला. १९९७ मध्ये रीड, टूर व सहकाऱ्यांनी सोन्याची बारीक तार वाकवून तोडली आणि त्या फटीत, गंधकाच्या अणूंनी दोन्ही टोकांना जोडल्या गेलेल्या बेंझीन-रेणूची वाहकता मोजली. तरीही फटीत नेमका एकच रेणू आहे याची खात्री एका मापनाने होत नसल्यामुळे, पुढे जोड हजारो वेळा जुळवून-तोडून मिळणाऱ्या वाहकतांचे वितरण तपासले जाऊ लागले, आणि हीच पद्धत अधिक विश्वसनीय मानली पाहिजे.