वेल्डिंगयंत्राचा दुसरा आकडा

वेल्डिंगच्या यंत्रावरील पट्टीवर ‘३०० अँपिअर’ असा आकडा दिसला की घेणाऱ्याचे समाधान होते. त्याच्याच शेजारचा ‘६० टक्के’ हा आकडा मात्र सहसा वाचला जात नाही. यंत्राचे आयुष्य या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असते, आणि त्याच्या पाठीमागे मोठा इतिहास आहे.

इंग्लंडमधील जेम्स जूल याने १८४१ साली एक नियम प्रसिद्ध केला. विद्युत्प्रवाहाने तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. पुढे रशियात बेनार्दोस याने कार्बनच्या कांडीने विजेची ज्योत पेटवून धातू सांधला. १८८८ मध्ये स्लाव्यानोव्ह याने कांडीच धातूची केली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमध्ये कांडीला लेप चढला, सांधा बळकट झाला आणि वेल्डिंग कारखान्या-कारखान्यांत शिरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेल्या २,७१० लिबर्टी जहाजांचे सांगाडे मुख्यतः वेल्डिंगनेच जोडलेले होते.

काम वाढले, तसा यंत्राच्या पोटातील वेटोळ्यांवरचा ताणही वाढला. वेटोळ्यांतील तांबे सहसा वितळत नाही. जळते ते त्यावरचे विद्युत्‌रोधक आवरण. अमेरिकेतील माँटसिंगर याने १९३० साली दाखवून दिले की, तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की अशा आवरणाचे आयुष्य निम्म्यावर येते. नाश एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच तो फसवा असतो.

‘६० टक्के’ याचा अर्थ असा की, ३०० अँपिअरवर दर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. अखंड काम करावयाचे तर जूलच्याच नियमाने प्रवाह सुमारे २३० अँपिअरवर आणावा लागतो. विश्रांतीत यंत्राचा पंखा मात्र चालू राहिला पाहिजे, नाहीतर उष्णता आतच कोंडते.

आणखी एक गोष्ट आहे. हा हिशेब बहुधा भोवतालची हवा ४० अंश सेल्सिअसपर्यंत धरून केलेला असतो. ग्वाल्हेरच्या वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तेथे विश्रांती वाढवावी किंवा प्रवाह उतरवावा. कर्ज काढून घेतलेल्या यंत्रावर ज्याचे घर चालते, त्याला ही चार मिनिटे आळसाची वाटू नयेत. यंत्र टिकते ते त्यांच्याच बळावर.