सही नसलेले दागिने

अंगठ्यावरून सहीवर आलो, याचं आपल्याला केवढं अप्रूप! आज गोष्ट मात्र सही न करणाऱ्या बाईची.

सुझान बेलपेरों. जन्म १९००चा, फ्रान्सच्या डोंगराळ जुरा भागातला. १९१९मध्ये ती पॅरिसच्या ब्वाव्हाँ पेढीत लागली. मालक दोन वर्षांपूर्वी वारलेले, कारभार त्यांच्या पत्नी झान बघायच्या. सुझान अख्खी बांगडी, अख्खी अंगठी स्फटिकातून किंवा अकीकाच्या जातीच्या दगडातून कोरून घ्यायची आणि त्यात हिरे बसवायची. साध्या दगडात हिरा! श्रीमंत बायकांना तेच आवडलं. नाव मात्र पेढीचं.

१९३२मध्ये ती बर्नार्ड हर्झ या रत्नव्यापाऱ्याकडे गेली. तिथं मनासारखं काम मिळालं, तरी दागिन्यावर सही नाहीच. माझी घडणच माझी सही, असं तिचं म्हणणं. मला हे पूर्ण पटत नाही, पण असो.

मग जर्मनांनी पॅरिस घेतलं. हर्झ ज्यू, आणि ज्यूंचे धंदे हिसकावले जात होते. म्हणून पेढी सुझानच्या नावावर झाली. हर्झ पकडले गेले, १९४३मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत मेले. युद्ध संपल्यावर त्यांचा मुलगा कैदेतून परतला. कागद सुझानच्या बाजूचे होते. तिनं त्याला बरोबरीचा भागीदार केलं. पाटीवर दोन्ही नावं आली, आणि १९७४पर्यंत दोघांनी पेढी चालवली.

ती १९८३मध्ये गेली. चार वर्षांनी जिनिव्हात विंडसरच्या डचेसच्या दागिन्यांचा लिलाव झाला. त्यात सुझानचेही दागिने होते. सही नव्हतीच, ओळख पटली ती घडणीवरून.