हुकूमनामा, दरखास्त आणि नादारी



शाळेत गरीब मुलाची फी माफ होते, तिला आपण नादारी म्हणतो. कोर्टातही हाच शब्द आहे. प्रामाणिक कर्जदारापाशी कर्ज फेडण्याची ऐपत उरली नाही, तर कोर्ट त्याला नादार ठरवू शकते. या शब्दाची आपल्याकडे मोठी लाज वाटते. परंतु ही सवलत कर्जदाराला कशी मिळाली, हे जाणून घेतले तर लाज कमी होईल आणि सावधपणा वाढेल.

हा इतिहास फार दूरचा नाही. पोफळीहून कुंभार्ली घाट चढून गेले की सातारा जिल्हा लागतो. सातारा, पुणे, सोलापूर व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांतील शेतकरी एकोणिसाव्या शतकात कर्जात बुडाले होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेव्हा इकडच्या कापसाला भाव आला व कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढविला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे चाले. हेतू कर्जदाराच्या हिताचा होता. पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागले. निरक्षर शेतकरी अंगठा देई. पुढे फिर्याद झाली की तो कोर्टात जात नसे आणि त्याच्यावर एकतर्फी हुकूमनामा होई. मग हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी दरखास्त पडे. जमीन, घर यांचा लिलाव होई. कर्जदाराला दिवाणी तुरुंगातही टाकता येई.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम या सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. 12 मे 1875 रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. दंगल आसपासच्या गावांत पसरली. लोकांचा रोष मुख्यतः कागदांवर होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जो कागद त्यांना वाचता येत नव्हता, त्यानेच त्यांचे घर नेले होते.

सरकारने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कैद करणे बंद झाले. तारण नसलेली जमीन जप्तीतून सुटली. कर्जाचा मुळापासून हिशेब तपासणे, हप्ते बांधून देणे व शेतकऱ्याला नादार ठरविणे हे अधिकार कोर्टाला मिळाले. प्रथम हा कायदा या चार जिल्ह्यांपुरताच होता. म्हणजे घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याला मिळालेले हे संरक्षण घाटाखालच्या आपल्या वाडवडिलांना तेव्हा मिळाले नाही.

पुढे 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल व बियाणे जप्तीतून वगळले. मुंबई शहरासाठी 1909 चा, तर इतर जिल्ह्यांसाठी 1920 चा नादारीचा कायदा झाला. नादार ठरलेल्या माणसाची जप्त होण्याजोगी मालमत्ता कोर्टाकडे जाते व ती सर्व धनकोंत वाटली जाते. त्यानंतर एकेकट्या सावकाराला कोर्टाच्या परवानगीवाचून त्याच्यामागे लागता येत नाही. वर्तन सरळ असेल तर कोर्ट पुढे त्याला ऋणमुक्तही करते. मात्र मालमत्ता लपविणाऱ्याला किंवा भावाच्या नावे करून ठेवणाऱ्याला ही सवलत लाभत नाही; सरकारी देणी व फसवणुकीची देणीही सुटत नाहीत. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितले की, ऐपत नसलेल्या माणसाला केवळ कर्ज थकले म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही.

पालकहो, हे सारे संरक्षण कोर्टात हजर राहणाऱ्याच्या कामी येते. समन्स आला तर तो चुलीत घालू नका; हुकूमनाम्याची वसुली बारा वर्षांपर्यंत मागता येते. हुकूमनामा होण्यापूर्वी योग्य कारण दाखविल्यास कोर्ट हप्ते देऊ शकते. नंतर त्यासाठी धनकोची संमती लागते. पैसे भरले की पावती घ्या. हुकूमनाम्यानंतर कोर्टाबाहेर भरलेली रक्कम मुदतीत कोर्टात नोंदवून घ्या. नोंद नसेल तर दरखास्तीत ती धरली जात नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा.

आणि विद्यार्थी मित्रहो, देवघेव लिहून ठेवावी आणि अडचणीतल्या ऋणकोला मुदत द्यावी, ही शिकवण कुरआन शरीफच्या सूरह बकरात आहे. पण लिहिलेले वाचणारा घरात हवा. सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळावे लागले, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते. तुम्ही शिकला आहात. घरात कर्जाचा कागद आला, तर अब्बांनी सही करण्याआधी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.