देवमाशाचे वाटेकरी

मालमत्तेचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप जमिनीकडे वळते. शेत, सारा, कूळ, वारसा या क्रमाने विचार करण्याची आपल्याला सवय झालेली आहे. परंतु ज्या गावाला कसण्याजोगी जमीन जवळजवळ नाहीच, तेथे मालकी कशाची असते आणि ती कशी ओळखावी? या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही इंडोनेशियातील लामालेरा या गावाच्या इतिहासापर्यंत येऊन पोहोचलो.

लामालेरा हे पूर्व नुसा तेंगारा प्रांतातील लेंबाता बेटावरचे गाव. डचांच्या नकाशांत या बेटाचे नाव लोम्ब्लेन असे आढळते. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून, ज्वालामुखीच्या खडकाळ उतारावर हे गाव वसले आहे. वरची वस्ती आणि खालची वस्ती असे त्याचे दोन भाग असून एकूण लोकसंख्या साधारण दोन हजार. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो आणि त्या खोल पाण्यातून देवमासे ये-जा करतात. या प्रदेशातले लोक भाल्याने देवमासे मारतात, अशी नोंद 1624 च्या एका पोर्तुगीज कागदात आहे. म्हणजे हा व्यवसाय निदान चारशे वर्षांचा आहे.

गावाच्या आख्यायिकेप्रमाणे येथले बहुतेक लोक उपरे आहेत. सुलावेसीकडून निघालेले त्यांचे पूर्वज बेटाबेटांवर थांबत, मध्येच एका महापुरात घरदार गमावून, येथे येऊन पोहोचले. त्यांच्या आधी येथे जी कुळे होती त्यांना अजूनही ‘भूस्वामी’ मानले जाते. आमच्या मते लामालेराच्या मालमत्ता-व्यवस्थेचे मूळ या गोष्टीत आहे. नंतर आलेल्यांनी भूस्वामींना गावाबाहेर काढले नाही, आणि जमिनीचे मोल एकदाच चुकते करून ते मोकळेही झाले नाहीत. प्रत्येक मोठ्या माशाच्या डोक्याचा ठरावीक भाग भूस्वामींच्या कुळांकडे जातो. हंगामापूर्वी डोंगरावरच्या शिळेपाशी जाऊन देवमाशांना बोलावण्याचा विधीही त्यांचाच. खरेदीखतात व्यवहार संपतो. येथे तो दर शिकारीला नव्याने सुरू होतो.

आता नौकेकडे वळू. हिला ‘तेना’ म्हणतात. लांबी दहा मीटरांच्या आसपास, फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, लोखंडी खिळा एकही नाही. शीड ताडाच्या जातीच्या पानांचे विणलेले. बांधणीत वाडवडिलांच्या पद्धतीबाहेर जायचे नाही असा दंडक आहे. एकेक फळी बदलत अखेरीस सगळे लाकूड नवे झाले तरी नौका तीच राहते, कारण तिचे नाव आणि तिचे कूळ तेच असते. नौकेच्या धन्याला ‘तेना अलेप’ म्हणतात. मात्र हा धनी म्हणजे एक माणूस नव्हे. प्रत्येक तेनामागे एखाद्या कुळाचे थोरले घर आणि वाटेकऱ्यांचा एक संघ असतो. हे वाटेकरी नौकेची डागडुजी, दोर, शीड यांचा भार उचलतात आणि त्या बदल्यात शिकारीतला नेमका वाटा त्यांना मिळतो. ‘अलेप’ या शब्दाला आपल्या ‘मालक’ शब्दाची छटा आहेच, पण ‘पालनकर्ता’ हीही आहे असे आम्हांला वाटते. नौका विकून टाकण्याचा विचार या शब्दाच्या आसपास फिरकतही नाही.

शिकारीचे वर्णन अनेकांनी केले आहे. नौकेच्या टोकाशी उभा असलेला ‘लामाफा’ भाल्यासकट माशाच्या पाठीवर उडी घेतो, ते चित्र वाचकांनी कोठे ना कोठे पाहिले असेल. छायाचित्रकारांचे काम तेथे संपते. मालमत्तेच्या इतिहासकाराचे काम त्यानंतर, मासा किनाऱ्याला लागल्यावर सुरू होते. स्पर्म व्हेलच्या धडावर जणू अदृश्य रेषा आधीच आखलेल्या असतात आणि सुरी त्यांच्यावरूनच फिरते. वल्हे मारणाऱ्यांचे वाटे, लामाफाचा वाटा, संघातल्या वाटेकऱ्यांचे वाटे, शिवाय नौका बांधणारा सुतार, भाल्याचे पाते घडवणारा लोहार आणि शीड करणारा यांचे वाटे. यांतले कित्येक त्या दिवशी समुद्रावर गेलेलेच नसतात. मांस घरी पोहोचल्यावर दुसरी वाटणी होते: सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना, आणि ज्यांच्या घरी नौकेवर जाणारा पुरुष नाही अशा विधवांना. ‘मासा कोणाचा?’ या प्रश्नाला लामालेरात एका नावाचे उत्तर नाही. कोणता तुकडा कोणाचा, याचे उत्तर मात्र पोरासोरांनाही पाठ असते. मानवशास्त्रज्ञ आर. एच. बार्न्स यांनी 1996 च्या आपल्या ग्रंथात हे सारे विलक्षण चिकाटीने नोंदवले आहे.

तथापि मांसाने पोट भरत नाही, धान्य हवे. ते डोंगरातल्या गावांत पिकते आणि ते आणण्याचे काम बायकांचे. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या डोक्यावर घेऊन त्या चढण चढतात, किंवा शनिवारी वुलांडोनीच्या बाजारात बसतात. तेथे शिट्टी वाजली की अदलाबदल सुरू होते. मांसाच्या एका पट्टीला मक्याची बारा कणसे किंवा बारा केळी, हा दर अनेकांनी नोंदवला आहे. पुरुषांच्या धाडसाची पुस्तके झाली. घराची खरी जमाखर्चाची वही या बायकांच्या डोक्यावरून डोंगर चढली, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे आम्हांला वाटते.

येथे एका प्रयोगाचा उल्लेख करणे भाग आहे. 2001 मध्ये पंधरा लहान समाजांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाला काही रक्कम द्यायची. तिचा किती हिस्सा दुसऱ्याला देणार ते त्याने सांगायचे. दुसऱ्याने नाकारले तर दोघांच्याही हाती काही नाही. लामालेरात मायकेल अल्वार्ड यांनी जुगाराचा भास टाळण्यासाठी पैशांऐवजी सिगारेटची पाकिटे वापरली. तेथे देऊ केलेला हिस्सा सरासरी 58 टक्के निघाला, म्हणजे निम्म्याहूनही अधिक. यावरून या लोकांच्या औदार्याची पुष्कळ वाखाणणी झाली. आम्हांला ती वाखाणणी थोडी भाबडी वाटते. हातात अवचित आलेल्या गोष्टीत इतरांचा वाटा असणारच, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे तो उदारपणे नव्हे तर हिशेबाने वागत असतो. फरक इतकाच की त्याच्या हिशेबात माणसे अधिक असतात. या व्यवस्थेत भांडणे नाहीत असेही नव्हे. एक मेच्या प्रार्थनेने हंगाम सुरू होतो. 1920 पासून रुजलेल्या कॅथलिक मिशनने जुन्या विधींना आपला पेहराव चढवला. पण त्याच्या आधी किनाऱ्यावर सभा भरवून वर्षभराचे तंटे मिटवावे लागतात, कारण जमिनीवरचे भांडण समुद्रात नडते अशी श्रद्धा आहे. तंटेच नसते तर सभेची गरज काय होती?

राज्यसंस्थेची मालकीची कल्पना वेगळ्या ठिकाणाहून येते. 1960 च्या भूमी कायद्याने ‘हक उलायत’, म्हणजे समूहाचा पारंपरिक अधिकार, मान्य केला, पण राष्ट्रहिताशी सुसंगत असेल तेवढाच. (त्यातला ‘हक’ आणि आपला ‘हक्क’ हे एकाच अरबी शब्दाचे दोन प्रवास होत.) समुद्राचे काय, हे मोघमच राहिले. 2007 च्या कायद्याने किनाऱ्याजवळच्या पाण्यावर, थेट तळापर्यंत, वीस वर्षांचा हक्क व्यक्तीला वा कंपनीला देण्याची सोय केली. तो हस्तांतरित करता येई, गहाणही ठेवता येई. मच्छीमार आणि स्वयंसेवी संस्था न्यायालयात गेल्या आणि 2011 मध्ये घटना न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. दरम्यान 2009 मध्ये सावू समुद्रात सागरी उद्यान जाहीर झाले तेव्हा लामालेराने कडाडून विरोध केला आणि लेंबाताचे पाणी त्यातून वगळले गेले. देवमासे वाचवावेत या आग्रहाला आम्ही कमी लेखत नाही. परंतु जगभरच्या स्पर्म व्हेलची वाताहत औद्योगिक जहाजांनी केली आणि जाब मात्र शिडाच्या होड्यांना विचारला जातो, यातली विसंगती नजरेआड करता येत नाही. 1973 मध्ये याच गावी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने नॉर्वेजियन तज्ज्ञ पाठवून आधुनिक शिकार शिकवू पाहिली होती, हेही विसरू नये.

यापेक्षा खोल बदल एका यंत्राने आणला. ‘जॉन्सन’ हे इंजिन लावलेल्या लहान होडीचे लामालेरातले नाव. इंजिनाच्या ब्रँडवरून पडलेले. अशी होडी एखाद्या घराच्या पैशाने येते, तिला कूळ नसते. वाटणीत इंजिन आणि इंधन हे नवे वाटेकरी येऊन बसले, आणि त्यांच्या मागे एक माणूस असतो ज्याला संघाची परवानगी लागत नाही. जाणत्यांनी यावर तोडगा काढला तो असा: मांता आणि डॉल्फिन यांच्यामागे जॉन्सनने जावे, स्पर्म व्हेल दिसला तर जॉन्सनने तेना ओढत न्यावी, पण भाला तेनावरूनच पडावा. कारण तेनावरून पडलेल्या भाल्याच्या माशाचीच वाटणी कशी करायची, हे गावाला ठाऊक आहे.