जुन्या मोडी पत्रांतील मायना आणि हस्ताक्षर

मराठेशाहीतील पत्रे आजवर मुख्यतः राजकीय घडामोडींची साधने म्हणून वाचली गेली. त्यांतील मायना हा निव्वळ साचेबंद शिष्टाचार मानून छापील संग्रहांत त्यास कित्येकदा फाटा देण्यात आला. परंतु या पत्रांतील जिव्हाळ्याचे गमक त्या साच्यातच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मायना म्हणजे नात्याचे व्याकरणच होय. वडीलधाऱ्यांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', मातबर सरदारास 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' असे लिहीत. त्यास अनुसरूनच पुढे 'साष्टांग नमस्कार', 'आशीर्वाद' किंवा 'रामराम' येई. आपले कुशल कळवून समोरच्याचे विचारले, की 'विशेष' या शब्दाने मूळ मजकुरास आरंभ होई. हे संकेत शिकविणारे 'मेस्तक' नावाचे ग्रंथही असत. ज्या चौकटीत प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली असते, तेथे एक विशेषण अधिक वा उणे झाले तरी लोभ वाढला की आटला हे कळते. चौकटच नसती, तर हा फरक जाणवलाच नसता.

लेखनाची कलाही अशीच नियमबद्ध होती. प्रथम कागदावर आडवी शिरोरेघ ओढीत आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला जोडीत जात. शब्द तोडून लिहिण्याची किंवा विरामचिन्हांची पद्धत नव्हती. वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखावयाचे.

थोरांच्या पत्रांचा मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा असे. मात्र अखेरचे 'बहुत काय लिहिणे', 'हे विनंती' किंवा 'हे आशीर्वाद' हे शब्द पत्र पाठविणारा पुष्कळदा स्वहस्ते लिही. मजकुरात मागाहून भर पडू नये म्हणून शेवटी मोर्तब होई. दूरच्या छावणीतून आलेल्या पत्रातील ते दोन-तीन शब्द माहिती म्हणून काहीच सांगत नाहीत. पण ओळखीचे अक्षर दिसले, म्हणजे माणूस सुखरूप असल्याची खातरी घरच्यांस पटत असली पाहिजे.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले. या थोर उद्योगामुळे मजकूर वाचला. मात्र बालबोध छपाईत कारकुनाचे अक्षर आणि धन्याचे अक्षर एकच झाले. मोडी वाचणारे आज थोडे उरले आहेत. म्हणून छापील प्रतीवर न विसंबता मूळ कागद पुन्हा पाहणे, आणि हात कोठे बदलला याची नोंद करणे, हे भाषाभ्यासकाचे निकडीचे कर्तव्य होय.