लिहून दिलेल्या भाषणापासून स्वतःच्या बोलापर्यंत

शाळेत वादविवाद स्पर्धा आली की घरोघरी धांदल उडते. आई किंवा वडील भाषण लिहून देतात, मुलगी ते घोकते, आणि प्रतिपक्षाने एक साधा प्रश्न टाकला की तिची वाचा बसते. अशा वेळी रमाबाई रानडे यांची आठवण होते. कारण त्यांचाही आरंभ लिहून दिलेल्या भाषणानेच झाला.

१८७३ साली, वयाच्या ११व्या वर्षी, रमाबाई रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. माधवरावांनी त्यांना शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचेना. त्यांचे टोमणे सोशीत रमाबाईंनी अभ्यास चालू ठेवला. नाशिकच्या हायस्कुलातील त्यांचे पहिले जाहीर भाषण माधवरावांनीच लिहून दिले होते. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल मागणाऱ्या सभेत त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजी मजकूर वाचला आणि घरी येऊन बोलणी खाल्ली. १८८४ साली ते हायस्कूल निघाले, तीच हुजूरपागा.

परंतु रमाबाई वाचून दाखविण्यावर थांबल्या नाहीत. मुंबईस त्यांनी स्त्रियांचा क्लब काढून भाषा, सामान्यज्ञान व शिवण यांचे वर्ग चालविले. १९०१ साली माधवराव निवर्तले. १९०४ साली मुंबईच्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षस्थान रमाबाईंनी भूषविले, तेव्हा मजकूर लिहून देणारे कोणी पाठीशी नव्हते. १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले.

खरा वाद पुढेच होता. १९२०च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला. पैसा अपुरा, म्हणून सक्ती तूर्त मुलांपुरती असावी, असे एक पक्ष म्हणे. सक्ती मुलींनाही हवी, म्हणून रमाबाई बायकांना घेऊन पुढे सरसावल्या. मुलींचीच पाळी मागून का, हा त्या वादातला मुद्दा कागदावरून घोकायचा नव्हता. तो ज्यांना जाचत होता त्यांनीच मांडायचा होता.

म्हणून मुलीला पहिले भाषण खुशाल लिहून द्यावे. त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या वेळी मात्र नुसते मुद्दे द्यावेत. तिसऱ्या वेळी जेवताना आपणच प्रतिपक्ष व्हावे आणि तिला उत्तर देऊ द्यावे. ती आपल्याशीच वाद घालू लागली, तर ‘उलट बोलू नकोस’ एवढे मात्र म्हणू नये. सभेत धीटपणे बोलणारी मुलगी आधी घरात बोललेली असते.